१७ आठवड्यांची गर्भवती, सराव जुना: योगवर्गात काय बदलायचं?

मुक्ता_नाशिक

नमस्कार. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला माझा योगवर्ग असतो. त्यातल्या एकीला १७ आठवडे झाले आहेत, पहिलंच बाळंतपण. सराव जुना आणि चांगला आहे: सूर्यनमस्कार, सर्वांगासन, धनुरासन, कपालभाती सगळं नियमित. शरीर खूप लवचिक. डॉक्टरांनी 'योगा चालू ठेवा' एवढंच सांगितलंय, कोणता ते नाही. तिला वर्ग सोडायचा नाही आणि तिने सोडावा असं मलाही वाटत नाही. पण 'जमेल तेवढं कर' म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

नेटवर याद्या पुष्कळ आहेत, पण एकीचं दुसरीशी जुळत नाही. कुठे मालासन (उकिडवं बसणं) रोज करा म्हणतात, कुठे हातही लावू नका. म्हणून कारणासकट हवंय. काय बंद करायचं, काय बदलून घ्यायचं, शवासन आणि प्राणायामाचं काय? आणि बाकीच्या वर्गाबरोबर तिला कसं सामावून घ्यायचं?

आसावरी

मुक्ताताई, याद्या जुळत नाहीत कारण त्यात आसनांची नावं असतात, बाईची परिस्थिती नसते. तिच्या शरीरात काय बदललंय हे लक्षात घेतलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

पहिली गोष्ट, उताणं झोपणं. गर्भाशय आता बेंबीच्या दिशेने वर सरकतंय. उताणं झोपलं की त्याचा भार मणक्याच्या उजव्या अंगाने हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, चक्कर येते, मळमळतं आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठाही घटतो. १६ ते २० आठवड्यांपासून लांबलचक उताणं शवासन बंद करा, म्हणजे तिच्या बाबतीत आतापासूनच. चुकून मिनिटभर पाठीवर झोपली तर घाबरायचं कारण नाही, पण दहा मिनिटांचं शवासन आणि त्यावर योगनिद्रा हे तसं घ्यायचं नाही. भिंतीला पाय लावून विपरीत करणी करतात, तिथेही पाठ जमिनीवरच असते. पायांना सूज असेल तर तक्क्याला टेकून बसवा आणि पाय स्टुलावर ठेवू द्या.

शवासन कुशीवर द्या. डावी कूस चांगली, उजवीही चालते. मान कण्याच्या रेषेत राहील एवढी उशी डोक्याखाली. दुसरी उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, पण ती घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. नुसत्या गुडघ्यात धरली तर वरचं पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळते. पोटाखाली घडी केलेला पंचा सारला की पोटाचा ओढा कमी होतो. उठताना आधी दोन्ही तळहात जमिनीवर टेकून कुशीवरून बसायचं, मिनिटभर तसंच थांबायचं आणि मग उभं राहायचं.

सूर्यनमस्कार बंद करायची गरज नाही, पण ते खुर्चीवर आणा. लोखंडी घडीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, सरकते. पावलांत कमरेएवढं अंतर. हात वर घेताना मागे झुकायचं नाही, नुसतं लांब व्हायचं. खाली वाकताना हात खुर्चीच्या बैठकीवर, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ. एक पाय मागे नेताना पुढचं पाऊल थोडं बाहेरच्या बाजूला ठेवायचं म्हणजे पोट मांडीवर दाबलं जात नाही. मग दोन्ही पाय मागे आणि खुर्चीवरच पर्वतासन. साष्टांग नमस्कार आणि भुजंगासन गाळून सरळ पुढच्या पायरीवर यायचं. वर आल्यावर दोन श्वास थांबल्याशिवाय पुढची फेरी नाही. या महिन्यांत रक्तदाब मुळातच थोडा खाली असतो, झटक्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. चार ते सहा फेऱ्या पुरे.

भुजंगासन, शलभासन, धनुरासन ही पालथी आसनं बंद. नौकासन आणि उताणं झोपून दोन्ही पाय एकदम उचलणंही बंद. अर्धमत्स्येंद्रासनात मांडी पोटावर दाबली जाते म्हणून ते नको. त्याऐवजी भारद्वाजासनासारखा मोकळा पीळ घ्या, तोही कमरेतून न घेता छाती-खांद्यांतून. पश्चिमोत्तानासनात पाय पसरलेले ठेवा आणि पावलाला पट्टा लावून नुसता कणा लांब करायला सांगा. कपाळ गुडघ्याला लावायचा अट्टहास नको. मार्जारासन चालतं, पण पाठ वरच्या दिशेने गोल करा आणि परत सपाटीवर आणून थांबा. पोट वाढलं की खाली झोल देणं कमरेला जड जातं. मनगटं दुखत असतील तर तळहाताऐवजी मुठी टेकायला सांगा, किंवा कोपरांवर घ्या. या दिवसांत मनगटाची नस दबून बोटांना मुंग्या येणं बऱ्याच जणींना होतं.

डॉ_रेवती

आसावरींनी आसनांचं छान लिहिलंय. मी त्याआधीच्या पायरीबद्दल लिहिते.

'योग करू का?' या प्रश्नाला डॉक्टरांकडून 'हो' याखेरीज काही मिळत नाही, कारण प्रश्नच ढोबळ आहे. तिने पुढच्या तपासणीत नेमकं विचारावं. वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, गर्भाशयमुखाच्या जवळ किंवा त्यावर आहे का? गर्भाशयमुखाची लांबी मोजली असेल तर किती आहे? हिमोग्लोबिन किती? रक्तदाब किती? आधी गर्भपात किंवा मुदतपूर्व प्रसूती झाली आहे का? गर्भ एकच आहे ना? याची उत्तरं फाइलमध्ये किंवा माता-बाल संरक्षण कार्डावर बहुतेक लिहिलेली असतात. तुम्ही ती स्वतः पाहावीत.

गर्भाशयमुखाला टाका घातलेला असेल, मुख आखूड असेल (२५ मिमीपेक्षा कमी), दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत वारंवार रक्तस्राव होत असेल, २६ आठवड्यांनंतरही वार मुखावर असेल, गर्भजल गेलं असेल, अवेळी कळा असतील, गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून प्रथिनं जाण्याचा विकार असेल, किंवा हृदयाचा-फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, तर वर्गात तिला आसनं द्यायचीच नाहीत. साधा श्वास आणि विश्रांती, तीही तिच्या डॉक्टरांच्या परवानगीने. जुळं असेल तर निर्णय डॉक्टरांचाच. यात कुठलीही अडचण नसेल तर व्यायाम नुसता चालतो असं नाही, तो हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत गर्भवतींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे करताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तिच्यामुळे बायका विनाकारण स्वतःला दोष देत राहतात. सुरुवातीच्या गर्भपातांत सगळ्यांत मोठं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतली गडबड असतं, साधा योग किंवा जिना चढणं नव्हे. त्या काळात सराव हलका ठेवायचा तो मळमळ आणि थकवा असतो म्हणून.

कधी थांबायचं हे सगळ्या वर्गाला माहीत असू द्या, नुसतं तिला नको. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखणं, छातीत दुखणं, श्रम सुरू व्हायच्या आधीच दम लागणं, भोवळ, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणं, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. यातलं काहीही झालं तर 'जरा पडून रहा, बरं वाटेल' असं म्हणायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आहे, गर्भवतींसाठी १०२ ही आहे. बाळाची हालचाल नेहमीसारखी जाणवायला लागल्यानंतर ती कमी वाटली, तर त्याच दिवशी तपासून घ्यायचं. पहिलटकरणीला हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराला कळायला लागते, त्यामुळे आत्ता कळत नसेल तर त्यात वावगं नाही.

फिजिओ_कोल्हापूर

'शरीर खूप लवचिक' हे वाचून थांबले. ताई, वर्गात ताठ अंगाच्या बाईपेक्षा या बाईला जास्त जपा.

गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे सांध्यांचे अस्थिबंध सैल होतात. ताठ बाईला स्नायू आधीच अडवतात. लवचिक बाई मात्र सहज शेवटपर्यंत जाते, आणि तिथे स्नायू नसतो, ताण सरळ अस्थिबंधावर आणि सांध्यावर येतो. करताना काहीच दुखत नाही. दुसऱ्या दिवशी कुशीवर वळताना जांघेत किंवा माकडहाडाच्या वर कळ येते, आणि ती प्रसूतीपर्यंत पुरते. म्हणून तिला सांगा की पूर्वी जिथपर्यंत जायचीस त्याच्या बरंच अलीकडे थांब आणि तिथे स्नायू कामाला लाव. त्रिकोणासनात हात पावलाजवळ नेऊ नका, खुर्चीवर ठेवा. बद्धकोनासनात दोन्ही मांड्यांखाली उशा. गुडघे हाताने खाली दाबायचे नाहीत, आणि शिक्षिकेने तर मुळीच दाबू नयेत.

ओटीपोटाच्या खाली, पुढच्या मधल्या हाडाच्या सांध्यात दुखायला लागलं असेल तर ते ओळखायला सोपं आहे. जिना चढताना, पलंगावर कूस बदलताना, उभ्याने सलवार घालताना एका पायावर भार आला की दुखतं. असं असेल तर वृक्षासन, वीरभद्रासन, पाय लांब फाकवून केलेली कोनासनं सगळी थांबवा. सलवार बसून घालायची, कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकत्र वळायचं. बसण्या-उठण्यातले हे बदल औषधाइतकंच काम करतात. जांघेत एका बाजूला एकदम टोचल्यासारखं होऊन क्षणात जाणारी कळ मात्र वेगळी. ती शिंकताना किंवा पटकन वळताना येते, गर्भाशयाला धरणारे बंध ताणल्याने, आणि तिची काळजी नको.

दुसरी गोष्ट पोटाची मधली रेषा. पोटाचे दोन उभे स्नायू मध्ये एका पट्टीने जोडलेले असतात, ती पट्टी आता पातळ होत जाते. कुठल्याही हालचालीत बेंबीच्या वर-खाली मध्यावर उंचवटा आलेला दिसला तर ती हालचाल तिच्यासाठी आत्ता नाही. हा एक नियम पाळलात तर कोणतं पोटाचं आसन चालेल याची यादी पाठ करावी लागत नाही. नौकासनाला नाही म्हणायचं ते याचमुळे. आणि हो, बेडवरून सरळ उठून बसणं हेही नौकासनच आहे. घरी दिवसातून दहा वेळा ते करत असेल तर वर्गात टाळून फारसा उपयोग नाही.

श्रोणितलाचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आत्ताच सुरू करा. वायू आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आतून वर ओढायचं, पाच सेकंद धरायचं, जमायला लागलं की दहापर्यंत न्यायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा. पोट, नितंब, मांड्या आवळल्या जात असतील किंवा श्वास धरला जात असेल तर चुकतंय. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून सराव करू नये. मूलबंध शिकलेल्या साधिका आवळतात छान, सोडायला विसरतात. प्रसूतीत सोडणंच लागतं, तेव्हा शेवटच्या महिन्यांत सोडण्यावर जास्त वेळ द्या.

सदाशिव_पेठ

आसावरींनी सर्वांगासनाचं लिहिलं नाही. आमच्या पुण्यात अय्यंगार परंपरेत अनुभवी साधिकांना गर्भारपणातही खुर्ची, दोरी, लोड यांच्या आधाराने विपरीत आसनं शिकवली जातात. गीता अय्यंगारांनी बायकांच्या सरावावर आयुष्यभर काम केलं. सरसकट बंदी म्हणणं त्या कामावर अन्याय होईल.

आसावरी

@सदाशिव_पेठ, त्या कामाबद्दल मलाही आदर आहे. आधारसाधनांमुळे गर्भवतींचा सराव किती सुखाचा होतो हे त्याच परंपरेने दाखवलं. पण तिथे शिक्षक एकेका साधिकेला वर्षानुवर्षं ओळखत असतो, साधनं पुरेशी असतात आणि पडायला लागली तर धरायला माणूस असतो. सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जणी, एक शिक्षिका, दोन खुर्च्या. तोल जाण्याचा धोका रोज वाढत जाणार, कारण पोटाबरोबर गुरुत्वमध्य पुढे सरकतो. सर्वांगासनात पाठीवरच्या भाराचा आणि मानेचा प्रश्न वेगळाच. मुक्ताताई, तुमच्या वर्गात शीर्षासन-सर्वांगासन नको, असं माझं स्पष्ट मत आहे. उभी आसनं भिंतीला पाठ लावून किंवा हाताला खुर्ची ठेवून घ्या.

मुक्ता_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल पाहिली. रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ९.६, आधीचा इतिहास काही नाही. वारेबद्दल पुढच्या सोनोग्राफीत कळेल, ती १९ व्या आठवड्यात आहे. दोन प्रश्न उरले. कपालभाती सोडायला ती तयार नाही, 'श्वासच तर आहे' म्हणते. आणि घरून आग्रह आहे की रोज मालासनात बसलं की नॉर्मल डिलिव्हरी होते.

डॉ_रेवती

कपालभातीत श्वासापेक्षा पोटाच्या भिंतीचा फटकाच महत्त्वाचा असतो. तो फटका दर वेळी पोटातला दाब वाढवतो, आणि तोच मधल्या पट्टीवर आणि श्रोणितलावर येतो. दुसरं कारण रक्तातलं. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉनमुळे बाई मुळातच खोल श्वास घेते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब नेहमीच्या सुमारे ४० मिमीवरून ३० च्या आसपास आलेला असतो. त्यावर जलद श्वासोच्छ्वास केला तर तो आणखी उतरतो, चक्कर येते, बोटं बधिर होतात, आणि गर्भाशयाचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. भस्त्रिकेला हेच लागू. अग्निसार, उड्डियान, नौली या पोट आत ओढण्याच्या क्रिया तर बंदच.

कुंभकही नको. पोट वर सरकल्याने श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा कमी झालेली असते आणि प्राणवायूची गरज वाढलेली, म्हणजे श्वास धरल्यावर प्राणवायू नेहमीपेक्षा लवकर उतरतो. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय, भ्रामरी, हलका उज्जायी हे सगळं खुशाल द्या. उच्छ्वास थोडा लांब ठेवायला शिकवा, कळांच्या वेळी तोच हाताशी येतो.

हिमोग्लोबिन ९.६ हे कमी आहे. रक्तातलं पाणी वाढल्याने गर्भारपणात ते थोडं उतरतंच, पण ११ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया धरतात. गोळीचा डोस तिच्या डॉक्टरांनी बदललाय का, हे विचारा. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, मध्ये दोन तास हवेत. तोवर सरावात उभ्या आसनांचा वेळ कमी करा, प्रत्येक आसन तीन ते पाच श्वास. धडधड किंवा दम लागला की बसवा. ७ च्या खाली असतं तर मी वर्गालाच नको म्हटलं असतं.

फिजिओ_कोल्हापूर

मालासनाबद्दल. वर्गात आता सोनोग्राफीचा निकाल येईपर्यंत थांबा. वार वर असेल, गर्भाशयमुख नीट असेल, मूळव्याध किंवा मायांगाजवळ फुगलेल्या शिरा नसतील आणि पुढच्या सांध्यात दुखत नसेल, तर द्या. तेही पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवून, टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठीला भिंत, पाच ते आठ श्वास. टाचा उचलल्या जात असतील तर खाली घडी केलेली सतरंजी. उठताना आधी हात पुढे टेकून गुडघ्यांवर यायचं. ३४ आठवड्यांनंतर बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर परत डॉक्टरांना विचारूनच. रोजच्या भारतीय बैठकीच्या शौचालयाची धास्ती घ्यायचं कारण नाही, पण कुंथायचं नाही.

नॉर्मल डिलिव्हरीचं वचन कुठलंच आसन देत नाही. बाळाची ठेवण, वजन, बाळाचे ठोके, वार, आईचा रक्तदाब अशा कितीतरी गोष्टींवर ते ठरतं. मांड्यांत ताकद येते, श्रोणितल सोडता येतं, कळांत बसण्या-उठण्याच्या स्थिती अंगवळणी पडतात, एवढा फायदा खरा आणि पुरेसा आहे. घरच्यांना हे आत्ताच सांगा. नाहीतर उद्या सिझेरियन लागलं की 'मालासन नीट केलं नाहीस' हे तिच्याच माथी येईल, आणि टाक्यांच्या दुखण्यात ते ऐकणं फार वाईट असतं.

वऱ्हाडी_योगिनी

उन्हाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नाशकात सकाळ गार असते, पण आमच्याकडे अकोला-नागपूरला मे महिन्यात सकाळी साडेसातलाच हॉल तापतो. गर्भवतीच्या अंगाचं तापमान आधीच किंचित वर असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ते ३९ अंशांच्या वर गेलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला धोका असतो, आणि नंतरच्या महिन्यांत पाणी कमी पडलं की पोट वारंवार कडक होतं. मुद्दाम तापवलेल्या खोलीतला योग तर कुठल्याच महिन्यात नको. वर्गाआधी ग्लासभर पाणी, मध्ये घोट घोट, पंखा चालू. पूर्ण उपाशीपोटीही बोलवू नका. पाऊण तास आधी केळं किंवा दोन खजूर, आणि पूर्ण जेवणानंतर मात्र दोन तासांचं अंतर, नाहीतर वाकलं की आंबट वर येतं. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असलेली कुणी आली तर तिच्याजवळ साखर किंवा ग्लुकोज असलंच पाहिजे.

आसावरी

वर्गात सामावून घेण्याचा प्रश्न राहिला होता. तिची सतरंजी भिंतीलगत आणि दाराजवळ टाका, म्हणजे आधारही मिळेल आणि लघवीला जाताना कुणाला ओलांडावं लागणार नाही. वर्ग पालथ्या आसनांवर आला की ती मार्जारासन आणि खुर्चीवरचं पर्वतासन करेल. वर्ग उताणा झाला की ती कुशीवर. कपालभातीच्या वेळी भ्रामरी. हे बदल एका कागदावर लिहून तिच्याकडे द्या, म्हणजे दर वेळी तुम्हाला सूचना थांबवावी लागणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीचा कागद पाहिल्याशिवाय मालासनाची ओळ त्या कागदावर लिहू नका.

मुक्ता_नाशिक

कागद आजच करते. महिन्यांचा हिशेब घरी वेगळा आणि फाइलमध्ये वेगळा आहे, तर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच मोजायचे ना?

डॉ_रेवती

हो, त्याच तारखेपासून. पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत तारीख बदलून दिली असेल तर ती धरा. वर लिहिलेले १६, २०, ३४ हे सगळे आकडे त्याच मोजणीतले आहेत.